बिनपेट्रोलची वरात

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. माझ्या आजवरच्या सगळ्या गोष्टी तुम्ही थापा ठरवल्यात, त्याबद्दल माझी तक्रार नाही (त्या होत्याच). पण ही मात्र मी प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या पायरीवर हात ठेवून सांगायला तयार आहे. तिकडे जाऊन मला बरीच वर्षं झाली, आणि पायरी दगडाची की लादीची हेही आता आठवत नाही, पण गोष्ट खरी. एक शब्द मी पदरचा घातलेला नाही. म्हणजे दोन-तीन ठिकाणी घातलाय, पण तो शोभेपुरता. आणि एका ठिकाणी जरा जास्त घातलाय. ते ठिकाण कोणतं ते शेवटी सांगेन. तोवर सगळंच खरं धरून चाला, म्हणजे दोघांचीही सोय होईल.

सुरुवात झाली माझ्या काळ्या अल्पाकाच्या कोटावरच्या डागापासून. भाचीचं, कांताचं, लग्न तोंडावर आलेलं. ट्रंकेतून कोट काढला, तर छातीवर ऐन खिशाखाली रुपयाएवढा तेलाचा डाग. (मागच्या लग्नातली भजी. मी ती खिशात ठेवली नव्हती, ती आपण होऊन गेली होती.)

"पेट्रोलाने जाईल," आमच्या मंडळी म्हणाल्या. मंडळी म्हणजे मृणालिनी. तिने फळीवरची एक रिकामी बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पंपावरून एवढी भरून आणा. कोट मी उन्हात घालते."

आता दारूबंदीच्या दिवसांत भर गिरगावातून रिकामी बाटली हातात धरून चालणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. एक हवालदार माझ्याकडे बघून हसला. दुसरा हसला नाही. तरीही मी ताठ मानेने पंपावर पोचलो.

"भाव वाढला, साहेब," पंपवाला म्हणाला.

"परवाच वाढला होता ना?"

"वो परसों का था. ये आज का."

"कितीने वाढला?"

"आणे में बोलूं, की नये पैसे में?"

इथे माझं डोकं फिरायला लागलं. ते साल सत्तावन्न. नवे पैसे येऊन जेमतेम दोन महिने झालेले. ट्रामच्या कंडक्टरपासून कोथिंबीरवालीपर्यंत जो तो आपापल्या सोयीने आण्यांचे पैसे करत होता. भाव वाढला की पैसाच बारीक झाला, हे छातीठोक सांगणारा एक माणूस त्या उन्हाळ्यात मुंबईत नव्हता. तेवढ्यात मोटारीतले एक गृहस्थ काच खाली करून म्हणाले, "हे सगळं त्या सुएझच्या कालव्यामुळे."

"पण कालवा उघडला ना आता?" दुसरे म्हणाले.

"हो, उघडला."

"बंद झाला तेव्हा भाव वाढला. उघडला तेव्हाही वाढला. म्हणजे कालव्याने करायचं तरी काय?"

"कालवा नव्हे हो, कर," तिसरे म्हणाले. "दिल्लीचा एक आणि मुंबई सरकारचा एक."

झालं. बघता बघता पंपावर शे-दीडशे माणसं जमली. सगळे एकाच वेळी बोलत होते आणि कोणालाच काही कळत नव्हतं. अशा वेळी समाज एका आवाजाची वाट पाहत असतो. मी फुटपाथच्या कडेवर चढलो, रिकामी बाटली मशालीसारखी वर धरली आणि म्हणालो, "बंधूंनो! ज्याला भाव कळतो त्याला कर कळत नाही, ज्याला कर कळतो त्याला पैसे कळत नाहीत. अशा पेट्रोलचा एक थेंबही माझ्या घरच्या कार्यात मी वापरणार नाही! हा माझा पेट्रोल-सत्याग्रह!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एक टॅक्सीवाला तर रडलाच. (पेट्रोल विकत घ्यायची माझी ती पहिलीच वेळ होती, हे मी गर्दीला सांगितलं नाही. सांगायचं कारण नव्हतं.)

घरी आलो तो रिकामी बाटली फडकावतच. गॅलरीत उभं राहून चाळीला सगळी हकीकत ऐकवली. त्या दिवसांत हवाच तशी होती. निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबई गाजवलेली, 'झालाच पाहिजे'ची घोषणा पोराटोरांच्या तोंडी. मुलं आईकडे लाडूसुद्धा 'मिळालाच पाहिजे' म्हणून मागत. त्यामुळे चाळीने मला डोक्यावर घेतलं. शेजारच्या रामदास विजयकरांनी तर जिन्याजवळच्या फळ्यावरचा सुविचार पुसून तिथे माझी प्रतिज्ञा लिहिली. विजयकर पेन्शनर होते. दुसऱ्याने दिलेला शब्द लक्षात ठेवणं एवढाच उद्योग त्यांना उरला होता.

मृणालिनीने बाटलीकडे पाहिलं, मग फळीकडे पाहिलं, आणि बाटली जागेवर ठेवली.

सत्याग्रह छान चालला होता. पेट्रोल न वापरणं मला अजिबात जड जात नव्हतं. पण संध्याकाळी विजयकर खुर्ची घेऊन दारात आले आणि सहज म्हणाले, "मग कांताची वरात कशी नेणार?"

माझ्या हातातला चहा हातातच राहिला.

वरातीचं सांगायला हवं. कांता माझ्या धाकट्या बहिणीची, यशोदाची मुलगी. यशोदाचे यजमान लवकर गेले, त्यामुळे कांता आमच्याच घरात लहानाची मोठी झाली. तिला लालबागच्या शामराव ताम्हाण्यांच्या थोरल्या मुलाचं, वसंताचं, स्थळ आलं. शामराव विक्रीकराच्या कचेरीत हेडक्लार्क. हुंडा नको, मानपान नको, भांडी नकोत. मागणं एकच.

"सून दिवेलागणीच्या आत मोटारीतून माझ्या दारात उतरली पाहिजे," ते बैठकीत म्हणाले होते. "टॅक्सी नको, घोडागाडी नको. आमच्या चाळीत मला कोणी विचारत नाही हो. विक्रीकरवाला म्हणून नळावर आमच्या हिला जागासुद्धा देत नाहीत. एकदा दाखवायचंय त्यांना. एवढं केलंत तर मुलगी सुखात राहील."

एवढं नाही केलंत तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. पण यशोदाला ते ऐकू आलं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, सगळं मी निभावते. वरातीची मोटार तेवढी तुझ्यावर. नाहीतर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल." आणि मी छातीवर हात मारून 'हो' म्हणालो होतो. (डागाच्या थोडं वर.)

आता इकडे फळ्यावर प्रतिज्ञा, तिकडे व्याह्यांना दिलेला शब्द. शिवाय व्याही कराच्या कचेरीतले! कराच्या निषेधाची वरात त्यांच्याच दारात न्यायची? रात्रभर मी छताकडे बघत पडलो. सकाळी दाढी करताना एकदम सुचलं आणि हनुवटी कापली.

तसाच फेस लावून मी मनमोहन धुरंधरकडे गेलो. मनमोहन माझ्या ऑफिसातला मित्र. काकाकडून त्याला टप उघडता येणारी एक जुनी मोटार वारशात मिळाली होती. तीच वरातीला ठरली होती.

"मन्या, वरातीचा वेग किती असतो?"

"बँडवाल्याच्या पोटात हवा असेल तेवढा."

"म्हणजे माणूस चालतो तेवढाच. मग इंजिन कशाला लागतं?"

मनमोहनने माझ्या हनुवटीकडे पाहिलं. "रक्त येतंय तुला," तो म्हणाला.

"ते जाऊ दे. दादरच्या कार्यालयापर्यंत तू मोटार आण. टाकीत असेल-नसेल ते तिथे संपू दे. तिथून लालबागपर्यंत आपण ती ढकलत न्यायची. पुढे बँड, मागे मंडळी. कोणाला पत्ता लागत नाही. वरात मोटारीतून, आणि पेट्रोल शून्य!"

"ढकलणार कोण?"

"आपली चाळ. सगळे सत्याग्रही आहेत."

"आणि मधे टिळक पूल आहे, तो?"

"पुलाला जितका चढ तितकाच उतार," मी म्हणालो. हिशोब निर्विवाद होता.

लग्न यथासांग लागलं. मंगलाष्टकांच्या वेळी मी मामा म्हणून कांताच्या मागे उभा होतो, डागावर उपरणं ओढून. (उभ्या लग्नात मामाला तेवढंच काम. मागे उभं राहायचं. हे वाक्य लक्षात ठेवा.) जेवणं झाली, सूर्य कलायला लागला आणि फुलांनी मढवलेली मोटार कार्यालयाच्या दारात उभी राहिली. टप उघडलेला, मागच्या सीटवर कांता आणि वसंत, पुढे मनमोहन चाकाशी. बँडवाल्यांनी गाल फुगवले.

मी आमच्या चाळीच्या सत्याग्रहींना शोधायला आत गेलो. जिलबी-मठ्ठ्यानंतर चौघे जाजमावर घोरत होते. दोघांना म्हणे महत्त्वाची कामं निघाली होती. विजयकर जागे होते, पण त्यांनी कंबरेला हात लावला आणि म्हणाले, "माझं काम साक्षीदाराचं."

बाहेर शामराव घड्याळ बघत होते. "मामा, निघायचं ना? इंजिन का लावत नाहीत?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या घराण्यात वरातीच्या मोटारीला इंजिन लावत नाहीत. अशुभ."

"अशुभ?" शामरावांनी चष्मा वर केला. "मोटारी येऊन दिवस किती झाले? त्यात रीत कधी पडली?"

"पूर्वी आम्ही रथाला घोडे लावत नसू."

"मग रथ चालायचा कसा?"

"ढकलत."

"कोण ढकलायचं?"

त्यांच्या मागे विजयकर कान देऊन उभे. गाडीत कांता डोळे मोठे करून माझ्याकडे बघतेय. मला दुसरं काही सुचेना. "वधूचा मामा," मी म्हणालो. "लग्नात मागे उभा असतो ना, तसाच मोटारीमागे..."

सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला एखादी गोष्ट पटवायची असेल तर कारण सांगू नये, नियम सांगावा. शामरावांचा चेहरा उजळला. "असं! मग नियम तो नियम. दुसऱ्या कोणी हात लावलेला चालत नसेल?"

"नाही. म्हणजे हो. म्हणजे नाही चालत."

"बाजूला व्हा रे सगळे!" शामराव आपल्या मंडळींवर ओरडले. "कोणी हात लावायचा नाही. मामा, करा सुरुवात!"

अशा रीतीने, त्या मोटारीखेरीज मला ढकलायला मदत करू शकेल असं जगात कोणी उरलं नाही.

मी उपरणं कमरेला बांधलं, दोन्ही हात मागच्या बाजूला टेकले आणि सगळा जोर लावला. बँड निघाला. मोटार उभीच. बँड चौकापर्यंत जाऊन परत आला.

"मामा, उतरून ढकलू का?" कांताने मागे वळून हळूच विचारलं.

"गप बस. शालू सांभाळ."

"निदान मी वजन कमी करतो," वसंत उठायला लागला.

"वराने उतरायचं नसतं!" शामराव.

मनमोहनने ब्रेक सोडला (तो लावलेला होता, हे त्याला तेव्हा आठवलं) आणि मोटार हलली. सपाटीवर ती बरी चालली. मी मनात म्हटलं, जमतंय. एवढ्यात पुढे टिळक पूल आला.

पूल तुम्ही ट्रामने, बसने, पायी कसाही पाहिला असेल. मोटारीच्या मागून पाहा एकदा. तो पूल नसतो, सह्याद्री असतो. माझे पाय जागच्या जागी चालत होते. बँडवाले लग्नाची गाणी संपवून भजनावर आले. मागे एका लॉरीचा भोंगा, त्यामागे दोन टॅक्सी, व्हिक्टोरियाचा घोडा माझ्या मानेवर श्वास सोडतोय. आणि त्याच्याही मागून आवाज उठला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

शिवाजी पार्कची सभा सुटली होती. परळ-लालबागची गिरणीकामगार मंडळी झेंडे घेऊन पुलावरून घरी निघाली होती. सगळ्यांत पुढे खांद्यावर झेंडा टाकलेला एक आडवातिडवा गडी. सोबतचे त्याला भिवा म्हणत होते. माझी अवस्था पाहून तो थांबला.

"काय मामानू, गाडी बंद पडली?"

आता 'हो' म्हणालो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती. पण शेजारी विजयकर साक्षीदार. मी छाती फुगवून हळूच म्हणालो, "बंद नाही पडली. कराच्या निषेधासाठी पेट्रोल सोडलंय."

"काय सांगतास काय!" भिवा ओरडला. "अरे ऐकलंत काय रे? वरातीत पेट्रोल सोडल्यानी! लावा हात!"

पंचवीस-तीस हात मोटारीला लागले. मोटार उचलल्यासारखी वर चालली. मोटारीच्या बाजूने चालणारे शामराव धावत माझ्याकडे आले.

"मामा, हे कोण? दुसऱ्यांनी हात लावलेला चालत नाही ना?"

"हे... हेही मामाच."

"एवढे?"

"चुलतमामा, मावसमामा. घराणं मोठं आहे."

"मग पंगतीला कुठे होते?"

"रुसले होते. आत्ताच समजूत पटली."

"आणि या घोषणा?"

"त्या रस्त्यावरच्या आहेत. आपल्या नव्हेत."

"मग आपल्या मोटारीमागून का येताहेत?" शामरावांचा आवाज चिरकला. "मामा, मी सरकारी नोकर आहे हो! मोर्चात कोणी मला पाहिलं तर..."

पाहिलं होतंच. भिवाने मान वाकडी करून त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि जागच्या जागी उडीच मारली. "आयला! हे तर आमच्या चाळीतले ताम्हाणे! विक्रीकरवाले!"

सगळी गर्दी एकदम गप्प झाली. बँडसुद्धा. मला वाटलं, आता मोटार सोडून देतात आणि ती माझ्या अंगावर येते. (अशा वेळी माणसाला आपल्या भाचीचं सुख आठवायला हवं. मला कोटाचा डाग आठवला.) कांताने शालूचा पदर तोंडावर धरला. शामरावांनी डोळे मिटले.

"म्हणजे कर गोळा करतत तेच," भिवा एकेक शब्द तोलत म्हणाला, "पोराच्या वरातीत कराचं पेट्रोल घालत नाहीत?"

शामरावांना प्रश्न समजला नव्हता आणि मला उत्तर सांगायचा धीर नव्हता.

"शामराव ताम्हाणे की!" भिवाने आरोळी ठोकली.

"जय!" पूल हादरला.

मोटारीच्या नाकावरचा हार काढून भिवाने शामरावांच्या गळ्यात घातला आणि चौघांनी त्यांना उचलून मनमोहनच्या शेजारी पुढच्या सीटवर उभं केलं. वरात आणि मोर्चा एक झाले. वर कोण आणि वरबाप कोण हे कळेनासं झालं. शामराव वाकून वाकून माझ्याकडे बघत होते. "मामा, हे काय चाललंय? हीही तुमची रीत आहे का?"

"हो! व्याह्याचा सत्कार!" मी मागून ओरडलो.

"मग हे 'कर रद्द झालाच पाहिजे' काय म्हणताहेत?"

"तुम्ही फक्त हात वर करा! नमस्कारासारखा!"

त्यांनी नमस्कारासारखा हात वर केला. लोकांना तो मुठीसारखा दिसला. आणखी मोठा जयजयकार झाला.

पुलाचा माथा आला आणि उतार लागला. मदतीचे हात सुटले, बँड मागे पडला, आणि मोटार झेंड्यांतून वाट काढत दादर टीटीकडे निघाली. मागून तिला धरून मी. माझे पाय जमिनीला अधूनमधून लागत होते. उतार संपला. मोटार काही थांबेना. मला वाटलं, पुलाचा जोर आहे. तो जोर हिंदमातापर्यंत टिकला. परळ आलं तरी टिकला. मग मात्र माझ्या लक्षात आलं की हा जोर पुलाचा नव्हे, माझा आहे! माझ्या अंगात इतकी ताकद आहे हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मी एक हात काढून घाम पुसला. मोटार तशीच चालत राहिली. दुसरा हात काढून नाक शिंकरलं, तरीही चालत राहिली. मागून ट्रामवाला घंटा बडवत होता, फुटपाथवरून लोक टाळ्या वाजवत होते, धापा टाकत बँडही येऊन मिळाला होता. एका हाताने वरात ढकलणारा मामा लालबागने त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला.

दिवे लागायच्या आत आम्ही ताम्हाण्यांच्या चाळीपुढे उभे राहिलो. चारी मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी वाकल्या होत्या. बातमी आमच्या आधी पोचली होती. "शामराव ताम्हाणे की जय!" वरून फुलं पडायला लागली. ज्या बायका शामरावांच्या पत्नीला, राधाबाईंना, नळावर उभं करत नव्हत्या, त्याच राधाबाईंच्या हातातलं तबक धरायला पुढे झाल्या. विहीणबाई इतक्या गोंधळल्या, की त्यांनी औक्षण आधी नवऱ्याचंच केलं. मग सुनेकडे वळल्या आणि कांताने डोळे पुसत, हसत माप ओलांडलं. यशोदाने लांबून माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तेवढ्यानेच मी भरून पावलो.

शामराव गळ्यातला हार न काढताच माझ्याकडे आले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "मामा, तळमजल्यावरचा सावंत आज माझ्याशी बोलला. चौदा वर्षांनी बोलला हो! काय म्हणाला ते नाही कळलं, पण बोलला. तुमची रीत फार जुनी असली पाहिजे."

"जुनी तर!" (दुपारी तीनची होती.)

"धाकट्याचं मार्गशीर्षात करायचंय. त्याच्या सासरच्यांना अशी रीत नसेल. तेव्हा ढकलायला तुम्हीच यायचं. शब्द द्या."

मी शब्द दिला. शब्द द्यायला मला कधीच वेळ लागत नाही.

नंतर चाळीच्या पायरीवर मी चहा पीत बसलो होतो. एका बाजूला मनमोहन, दुसऱ्या बाजूला मृणालिनी. विजयकरांना घोट घोट पाणी पाजत कोणीतरी आत नेलं होतं. तेवढं अंतर नुसतं पाहत चालणंही त्यांच्या कमरेला झेपलं नव्हतं.

"हात दुखतात का रे?" मनमोहनने विचारलं.

"पुलापर्यंत दुखले. नंतर काय जोर आला होता, मन्या!"

"ते इंजिन होतं."

"कसलं इंजिन?"

"मोटारीचं. पुलाच्या माथ्यावरच लावलं मी. त्या गोंगाटात तुला ऐकू नाही आलं. टाकी तर कालपासूनच भरलेली होती."

"भरली कोणी?"

मनमोहनने चहात तोंड घातलं.

"मी," मृणालिनी म्हणाली. "त्यांना पाठवून आदल्या दिवशीच भरून घेतली. पोरीची वरात तुमच्या भाषणावर सोडणार होते की काय?"

"अगं पण माझी प्रतिज्ञा! शे-दीडशे माणसांसमोर..."

कनवटीची गाठ सोडून तिने एक वस्तू काढली आणि माझ्या बशीत ठेवली. बाटलीचं बूच.

तर आता ते ठिकाण, जिथे मी जरा जास्त घातलं होतं. पंपावर शे-दीडशे माणसं नव्हती. टॅक्सीवाला रडला नाही. भाषण झालंच नाही. पंपावर मी होतो आणि पंपवाला होता. भाव वाढला होता आणि तो किती वाढला हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं, इतपत खरं. मोटारीतले गृहस्थ आणि कालवा मला दुसऱ्या दिवशी ट्रामच्या वरच्या मजल्यावर भेटले. पंपवाल्याने बाटली हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "बूच किधर है? खुल्ली बाटली में पेट्रोल नहीं देंगा." बूच फळीवरच राहिलं होतं. भर उन्हात पुन्हा घरी जाऊन यायचा मला कंटाळा आला. रिकामी बाटली घेऊन मृणालिनीसमोर उभं राहायला काहीतरी कारण हवं होतं, आणि वाटेत ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत ते चांगलं तयार झालं. दिल्लीच्या करावर माझा राग नव्हता असं नाही, पण तो बुचानंतरचा.

लग्नातला माझा फोटो ताम्हाण्यांच्या भिंतीवर अजून आहे. कोटावरचा डाग त्यात स्पष्ट दिसतो. आलेल्यागेलेल्याला शामराव तो बोट लावून दाखवतात, "हे पाहा, मोटार ढकलताना लागलेलं ग्रीस!" परवा आम्ही दोघं समोर बसलो असतानाही दाखवला. मी नम्रपणे मान खाली घातली.

"ग्रीस कसलं, भावजी," मृणालिनी म्हणाली, "भजी."